कांता गमरेला विषय सापडला

कांता गमरेची आणि माझी ओळख चोरीतून झाली. चोर ती, पकडणारा मी.

पंचावन्न सालची दिवाळी नुकतीच आटपली होती. लालबागच्या आमच्या कामगार वाचनालयाचा मी, म्हणजे गवस, चिटणीस. दिवसभर गिरणीच्या साचेखात्यात दोन साचे चालवायचे, म्हणजे कापड विणायचं, आणि संध्याकाळी सात ते नऊ वाचनालयाच्या टेबलामागे बसायचं, हा माझा बारा वर्षांचा नेम. पुस्तकाची पानं दुमडणाऱ्याला मी चारचौघांत झापत असे. असल्या माणसाच्या राज्यात दिवाळी अंकांतली रंगीत चित्रं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. अंक परत यायचा आणि आत चित्राच्या जागी सुबक चौकोनी भोक असायचं.

मी पाळत ठेवली. चौथ्या दिवशी चोर सापडला. दोन वेण्या घातलेली सतरा वर्षांची किडकिडीत मुलगी, मांडीवर अंक, बोटांत दाढीचं ब्लेड.

"अंक फाडतेस?" मी ओरडलो.

"फाडत नाही, कापतेय," ती म्हणाली. "फाडलं की कड खराब होते."

मग मी पंधरा मिनिटं भाषण केलं. वाचनालय कामगारांच्या घामावर उभं आहे, इथे जातपात न बघता सगळ्यांना प्रवेश आहे, आणि त्याचे हे पांग फेडतेस का, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, पिशवीत हात घातला आणि चार कागद माझ्यापुढे ठेवले. कापलेल्या चारही चित्रांच्या हुबेहूब नकला होत्या.

"ह्या मी भोकांच्या जागी डकवणारच होते," ती म्हणाली. "पण काका, खरं सांगा, मूळ चित्रात ह्या बाईचं मनगट मोडल्यासारखं दिसत होतं की नाही? मी सरळ केलंय."

मी चष्मा लावून पाहिलं. मनगट खरंच सरळ झालं होतं. समोरचा माणूस बरोबर असला की मला जास्त राग येतो, तसा आला. शिक्षा म्हणून मी तिला वाचनालयाच्या सगळ्या पाट्या रंगवायला लावल्या. तिनं त्या दोन संध्याकाळींत रंगवल्या, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली जाड मिशांचा एक तिरसट माणूस तोंडावर बोट ठेवून उभा केला. तो कोण हे सांगायची कुणाला गरज पडली नाही. पाटी अजून तिथेच आहे, कारण ती काढली तर लोक म्हणतील की गवसाला झोंबली.

कांता ही बुधाजी गमऱ्यांची थोरली मुलगी. बुधाजी आमच्याच गिरणीत, पण रिंग खात्यात, जिथे सूत कातलं जातं तिथे. मूळ गाव खेडकडचं, बिऱ्हाड नायगावच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. पोरीनं ड्रॉइंगच्या परीक्षा चांगल्या दिल्या तेव्हा शाळेच्या बाईंनी फोर्टातल्या आर्ट स्कूलचा फॉर्म आणून दिला आणि बुधाजीनं त्यावर सही ठोकली. चाळीतले लोक म्हणाले, मुलीच्या जातीला चित्रं काढून काय करायचंय? बुधाजी कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तिला येतंय ते तिला करू द्या." विषय तिथेच संपला.

पाट्यांच्या शिक्षेनंतर ती वाचनालयातच रुळली. घरात कागद पसरायला जागा नव्हती, आमच्याकडे लांब टेबल होतं. रोज सात वाजता यायची, कोपऱ्यात बसायची आणि काढत राहायची. काय काढायची? तळ्यातले हंस, काश्मीरचे डोंगर, नदीवर घागर घेऊन निघालेली तरुणी.

"गो कांता," मी एकदा म्हटलं, "नायगावात नदी कुठे आली?"

"कॅलेंडरात आली," ती म्हणाली आणि घागरीवर उजेड देत राहिली.

छप्पनच्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला. त्यानंतर गिरणगावात संयुक्त महाराष्ट्र समितीशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. सभा, मोर्चे, प्रभातफेऱ्या, भिंतीभिंतीवर घोषणा. आमचं वाचनालय म्हणजे विभागाचं फलक कार्यालयच झालं. मांजरपाटाचे तागे यायचे, सरस आणि निळा रंग बादलीत कालवायचा आणि जमिनीवर पसरून अक्षरं काढायची. दुसरे रंगारी घोषणा लिहायला सुरुवात करत आणि 'महाराष्ट्र' पर्यंत येईतो कापड संपे. कांता आधी वितीनं कापड मोजायची, डोळे बारीक करून दोन मिनिटं नुसती बघायची, आणि मग एका दमात लिहायची. शेवटचं अक्षर बरोबर कडेपाशी थांबायचं. आमचे कार्यकर्ते तिला 'कांताताई' म्हणायला लागले तेव्हा ती अठराची होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी म्हणायचो, पण कौतुकानं.

त्याच वर्षी दसऱ्याला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. नायगावच्या चाळींत घराघरातले देव उतरले आणि रिकाम्या खुंट्यांवर लावायला प्रत्येकाला बुद्धाचं चित्र हवं झालं. छापील चित्रं मिळेनात. मग लोक कांताकडे आले. तिनं त्या हिवाळ्यात चाळीस घरांसाठी चाळीस बुद्ध काढले. समितीचे फलक आणि बुद्ध, दोन्ही आमच्या एकाच टेबलावर. वाळत घातलेल्या बुद्धांमधून वाट काढत लोक वर्तमानपत्राकडे जायचे.

आता मी चिटणीस, म्हणून वाचनालयाच्या हस्तलिखित वार्षिकाचा संपादकही मीच. दर वर्षी एकच प्रत निघते, सुंदर अक्षरात, मुखपृष्ठ हातानं रंगवलेलं, आणि ती वर्षभर हातोहात फिरते. एकोणसाठच्या अंकासाठी मी कांताला म्हटलं, मुखपृष्ठ तर करच, पण आपल्या शिक्षणाबद्दल एक पान लिही. कामगारांना कळू दे, चित्रकार कसा घडतो. तिनं लिहिलं. त्यातला तुकडा इथे देतो, एका शब्दाला हात न लावता:

"पहिली दोन वर्षे मी फक्त हात शिकले. हाताला जे दिसते ते काढता येऊ लागले. मला वाटले, झाले शिक्षण. चाळिसावा बुद्ध काढताना लक्षात आले की हात काम करतो आहे आणि मी दुसराच विचार करते आहे. उद्या बसचे पैसे कोणाकडून घ्यायचे, हा विचार. त्या दिवशी मी हाताला थोडी घाबरले. सर म्हणतात, स्वतःचा विषय शोधा. सगळे विद्यार्थी विषय शोधायला खोताच्या वाडीत जातात, तशी मीही गेले. लाकडी घरे, नक्षीचे कठडे, ऊन. जिन्यावर बसले तर घरातल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, या कोपऱ्यात बसू नकोस, इथून काल तिघांनी काढले, त्या कोपऱ्यातून काढ. मी शिवडीलाही गेले. चिखल, गोदामे, लांबवर जहाजे. चांगली चित्रे झाली. पण ती कोणीही काढली असती. माझा विषय असा असेल, की जो मी काढला नाही तर कोणी काढणार नाही. तो अजून सापडलेला नाही. सापडेल. मला घाई आहे, पण काळजी नाही."

शेवटचं वाक्य मला उर्मट वाटलं होतं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "उर्मट नाही काका, खरं आहे."

साठ सालचा जानेवारी आला. तिचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. परीक्षेसाठी एक मोठं रचनाचित्र द्यायचं असतं, तैलरंगात, आणि सगळी परीक्षा त्यावर तोललेली असते. ते चांगलं झालं तर वार्षिक प्रदर्शनात लागतं. नाही झालं तर आणखी एक वर्ष, आणि गमऱ्यांच्या घरात आणखी एक वर्ष निघणार नव्हतं. धाकटे दोघे हायस्कुलात होते. बुधाजीनं तिला साफ सांगितलं होतं, यंदा पार पड, नाहीतर शिक्षिकेची नोकरी धर.

तिनं विषय घेतला, साचेवाला. गिरणीत विणणारा कामगार. मला कोण आनंद झाला, कारण चेहरा तिनं माझा घेतला होता. चार वर्षं माझ्या नकळत ती माझी स्केचेस काढत होती, ती कामाला आली. सरांनी चित्र पाहिलं आणि म्हणाले, हेच द्या, आता हात लावू नका. द्यायला अजून पंधरा दिवस बाकी होते. एका रविवारी ती भावाच्या मदतीनं ते पाच फुटी चित्र वाचनालयात घेऊन आली. म्हणाली, "घरात लांबून बघायला लांबीच नाही."

आम्ही ते भिंतीला टेकवलं. रविवारमुळे सात-आठ साचेवाले हजर होते. चित्र खरंच देखणं होतं. मागे साच्यांची रांग, पट्टे, उडणारी कापसाची पूद, आणि पुढे मी, उघड्या दंडांचा, एका हातात धोटा. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचं ते लाकूड, जे आडवा धागा घेऊन कापडातून इकडून तिकडे पळतं. त्याच्या पोटात सुताची कांडी असते आणि कुशीला एक बारीक भोक. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक त्या भोकातून बाहेर घ्यायचं. चित्रातला मी तेच करत होतो, दोन बोटांच्या चिमटीत धागा धरून, डोळे बारीक करून.

आमच्यातला सगळ्यात जुना साचेवाला कुशाबा. तो चित्राजवळ गेला आणि हसायला लागला. मग बाकीचेही हसले. मीही हसलो.

"काय झालं?" कांतानं विचारलं.

"अगो, सुईत दोरा ओवतात तसा धोट्यात नाय ओवत," मी म्हटलं. "असा ओवत बसलो तर दोन साचे कोण बघणार? धोट्याला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. सुर्र! धागा भोकातून थेट ओठावर."

"तोंडानं?"

"दिवसातून दोनशे वेळा. कापसाची निम्मी पूद आमच्या पोटात आहे."

"आणि दुसऱ्या पाळीचा माणूस येतो, त्याचा धोटा वेगळा?"

"वेगळा कसला! तोच. आदल्याची थुंकी ओली असते अजून." आणि इथे मी, चार वर्षं समितीच्या सभांत एकजुटीवर बोलून सवय झालेला, छाती काढून पुढे म्हणालो, "म्हणून तर साचेखात्यात आहे तसा भाऊपणा दुसऱ्या खात्यात नाय. एका तोंडाचं खाणारी माणसं आम्ही."

कांता चित्राकडे बघत होती. तिनं वळून न बघता विचारलं, "साचेखात्यात आमच्यातलं कोण आहे?"

कुशाबा उठून माठाकडे पाणी प्यायला गेला. एकानं वर्तमानपत्र उघडलं. मी चिटणीस, म्हणून उत्तर मीच द्यायचं होतं, आणि मला ते येत होतं.

"कोणी नाय," मी म्हटलं.

"बाबा म्हणतात, साचेखात्यात आवाजानं माणसं बहिरी होतात," ती म्हणाली. "म्हणतात, मला तुमची बोलणी ऐकायची आहेत, म्हणून मी तिकडे गेलो नाही. लहानपणापासून ऐकतेय मी. आम्हा भावंडांना ते फार आवडायचं."

तिला जात ठाऊक नव्हती असं नव्हे. गावची विहीर, देवळाची पायरी, सगळं तिला ठाऊक होतं. पण ते गावाकडचं. गिरणीत, लाल झेंड्याखाली, आमच्यासारख्या भाषणं ठोकणाऱ्यांमध्ये, हा एवढासा लाकडाचा तुकडा तिच्या बापाच्या आड आला होता, हे तिला त्या रविवारी कळलं. साचेवाल्याच्या मुलीनं चित्रातली ती चूक कधीच केली नसती. ही चूक फक्त रिंग खात्यातल्या बुधाजीची मुलगीच करू शकत होती.

तिनं पिशवीतून रंग खरवडायची पट्टी काढली आणि माझे हात, धोटा, बोटं, सगळं खरवडायला लागली. मी धावलो.

"वेडी काय तू? सरांनी पास केलंय! परीक्षक काय साचेखात्यातले असणार? कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलं ना," ती म्हणाली.

अर्ध्या तासात पाच फुटांच्या कापडावर माझा नुसता चेहरा उरला. मग तिनं तोही खरवडला. पंधरा दिवस, कोरं कापड, आणि पोरगी गुणगुणत होती. जाताना म्हणाली, "काका, पुढच्या रविवारी एक खरा धोटा आणाल? मोडीतला चालेल."

मी हो म्हटलं. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. त्याचं कारण कोणाला ठाऊक नव्हतं, किंवा मला तसं वाटत होतं. आता सांगतो.

अठ्ठेचाळीस सालचा शिमगा. शिमग्याला अर्धं साचेखातं कोकणात पळतं. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हवालदिल होतो आणि दिसेल त्याला बदली म्हणून साच्यावर उभं करतो. मीही आठ दिवस गावी गेलो होतो, पालखी नाचवायला. परत आलो तर कळलं, माझ्या दोन साच्यांवर तीन पाळ्या रिंग खात्यातला बुधाजी गमरे होता. काम झकास केलं होतं, कापडात एक डाग नव्हता. कोणी आरडाओरडा केला नाही. मीही केला नाही. मी फक्त मिस्त्रीकडे गेलो आणि म्हटलं, माझे चारही धोटे झिजलेत, नवे द्या. ते झिजलेले नव्हते. मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं आणि नवे काढून दिले. कोरा धोटा आठ दिवस धागा तोडतो, माझा जीव मेटाकुटीला आला, पण मी तक्रार केली नाही. जॉबरला जे समजायचं ते समजलं. बुधाजी पुन्हा कधी साचेखात्यात दिसला नाही. आणि मी त्याच महिन्यात वाचनालयात 'कामगारांची एकजूट' या विषयावर व्याख्यान दिलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला बारा वर्षांनी लागला.

पुढच्या रविवारी मी धोटा घेऊन गेलो. कांताचं कोरं कापड भिंतीला टेकलेलं होतं. आणि समोरच्या बाकावर, स्वच्छ सदरा घालून, बुधाजी बसला होता.

"बाबांना बसवतेय," कांता म्हणाली. "धोटा द्या त्यांना."

मी दिला. मनात आलं, आता ह्याला शिकवावं लागणार. बुधाजीनं धोटा तळहातावर तोलला, अंगठ्यानं आतली खीळ उचलली, कांडी बसवली, टोक भोकापाशी नेलं आणि धोटा ओठांशी नेऊन एक श्वास ओढला. सुर्र. धागा बाहेर. सगळं मिळून चार सेकंद. कुशाबाचे डोळे विस्फारले.

"बुधाजी, तू हे कधी शिकलास रे?"

"अठ्ठेचाळीसचा शिमगा," बुधाजी म्हणाला. "तीन पाळ्या. गवसांच्या साच्यावर." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. धोट्यावरून हात फिरवत म्हणाला, "चांगलं साचं होतं. धोटं पण चांगलं होतं. एक पण झिजलेलं नव्हतं."

बारा वर्षं हा माणूस मला गिरणीच्या दारात भेटत होता. 'काय गवस, बरं हाय का?' असं विचारत होता. मुलीला माझ्या वाचनालयात पाठवत होता. आणि बारा वर्षं त्याला ठाऊक होतं. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी कांताकडे बघितलं. तिचा कोळसा कागदावर चालू होता. तिला हे घरी आधीच कळलं होतं, की आत्ताच कळलं, ते मला आजवर समजलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

"आता दुसरा माणूस," ती म्हणाली. "मला दोघे हवेत. पाळी बदलतेय. एक जातोय, एक येतोय. साचा थांबत नाही, धोटा एकच आहे. काका, तुम्ही समोर उभे राहा. बाबा, धोटा त्यांना द्या. काका, तुम्ही तोंडाला लावा."

खोलीत दहाएक माणसं होती. बुधाजीनं धोटा पुढे केला. त्याच्या कडेला ओल चमकत होती. मी तो उजव्या हातात घेतला. आणि शपथेवर सांगतो, मला काही करायचं नव्हतं. लाज मला आधीच गिळून बसली होती, मी धोटा ओठाशी नेणारच होतो. पण माझा डावा हात आपला आपण खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

"तसेच राहा," कांता म्हणाली. "हलू नका."

मी हललो नाही. एका हातात धोटा, एका हातात रुमाल. तिचा कोळसा कागदावर करकरत होता. मला रुमाल टाकून द्यावासा वाटत होता, तिला म्हणावंसं वाटत होतं की हे काढू नकोस गो, माझ्या तोंडाला काळं फासू नकोस. दहा मिनिटं झाली असतील. माझा धोट्याचा हात खाली यायला लागला.

"हलू नका गवस," बुधाजी हळूच म्हणाला. "पोरगी ओरडते मग."

"झालं," कांता म्हणाली आणि कागद बदलायला वळली. तेव्हा मी रुमाल खिशात कोंबला, धोटा तोंडाला लावला आणि धागा ओढला. बुधाजीनं ते पाहिलं. मान हलवली, एवढंच.

"कांता, हे बघ," मी म्हटलं. "लावला मी. आता हे काढ."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. चार वर्षांत तिनं माझ्याकडे कधी एवढ्या प्रेमानं बघितलं नव्हतं.

"चांगलं केलंत काका," ती म्हणाली. "पण चित्र ते आहे."

बाकीचे दिवस ती वाचनालयातच राबली. मला चित्र बघायची बंदी होती. वेळेवर दिलं. परीक्षकांत वाद झाला असं तिच्या सरांनी सांगितलं. एकाला विषय कळेना, एकाला तो फार कळला. ती पास झाली, पहिल्या वर्गात. बक्षीस मिळालं नाही. चित्र मात्र प्रदर्शनात लागलं, दरवाजासमोरच्या भिंतीवर. मी तिला विचारलं, आता पुढे? म्हणाली, "रिंग खातं. कांडी खातं, तिथे आमच्या बायका आहेत. विषय शोधायला आता खोताच्या वाडीत जायला नको काका. मला पुरून उरतील एवढे मिळालेत."

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी धुतलेला सदरा घालून प्रदर्शन बघायला गेलो. ट्रामनं फाउंटनपर्यंत आलो तर सगळीकडे एक मेची तयारी चालली होती, कमानी, तोरणं, दिव्यांच्या माळा. आपलं राज्य येत होतं आणि त्यात माझाही वाटा होता. मी ऐटीत चाललो होतो. आत शिरलो आणि समोर मी उभा दिसलो.

चित्रात गिरणी फारशी नव्हतीच. दोन माणसं आणि मधे धोटा. बुधाजीचे ओठ अजून किंचित उघडे, श्वास नुकता ओढलेला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्या दिवशी त्याच्यासमोर उभा असूनही पाहिलं नव्हतं. तो वाट बघत होता. आणि माझा चेहरा वाईट नव्हता, हेच वाईट होतं. सभ्य, शहाणा, कष्टाळू माणसाचा चेहरा, आणि त्याखाली पांढरा रुमाल.

शेजारी एक जोडपं येऊन उभं राहिलं, गिरगावकडचं असावं. बाई बराच वेळ बघत होत्या.

"हा रुमाल कशाला हो दाखवलाय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"घाम पुसायला असेल," नवरा म्हणाला. "गिरणीत फार उकडतं म्हणतात."

ते पुढच्या चित्राकडे वळले. मी गप्प बसलो असतो तरी कोणाचं काही अडलं नसतं.

"घाम नाही हो," मी मोठ्यानं म्हणालो. दोघेही दचकून थांबले. "त्या माणसाचं तोंड लागलं म्हणून धोटा पुसायला. तो बुधाजी गमरे. आणि हा रुमालवाला मी."